‘हॅलोवीन’ (१९७८), आमची गच्ची आणि तो विझलेला दिवा

मासुंदाकाठ · रविवार, रात्री १०:२०

कोजागिरीला दूध आटवताना गच्चीवर चढवलेल्या सतरंज्या, वायरी आणि मंडळाकडून मागून आणलेला स्पीकर अजून वरच होता. ते सगळं उतरवायच्या आत काल आम्ही पाण्याच्या टाकीला चादर बांधून जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोवीन’ बघितला. १९७८चा, पहिला. नौपाड्यातली आमची इमारत जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. माणसं जमली २१. पंधराच्या आतल्या मुलांना पाठवू नका, असं जिन्यात लिहून लावलं होतं. सर्वांत धाकटा सोळाचा, सर्वांत मोठ्या तळमजल्याच्या आजी, ७६ वर्षांच्या.

मी हा सिनेमा आधी दोनदा बघितलाय, दोन्ही वेळा घरात, एकटीने. म्हणून काल पडद्यापेक्षा बघणाऱ्यांकडेच माझं लक्ष होतं. तेच लिहायचंय. शेवटपर्यंतची गोष्ट फोडणार आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या.

सुरुवातीचा भाग खुन्याच्या डोळ्यांतून आहे. मुखवटा चढला की पडद्यावर फक्त डोळ्यांची दोन भोकं उरतात आणि श्वास ऐकू येतो. स्पीकर मिरवणुकीचा, त्यामुळे तो श्वास मानेवर आल्यासारखा वाटत होता. बहिणीला मारून तो घराबाहेर येतो, वडील मुखवटा ओढून काढतात आणि आत सहा वर्षांचा पोरगा. हातात सुरी. मला इथे किंकाळी ऐकू येईल असं वाटलं होतं. मागून कोणीतरी फक्त “अगं बाई, लेकरू आहे हो” म्हणालं आणि मग बराच वेळ सगळे गप्प.

पुढे तासभर फारसं काही घडत नाही. तरुण मंडळी चुळबुळ करायला लागली, दोघं चहा आणायला खाली गेले. मग तो प्रसंग आला. भर दुपारी लॉरी, म्हणजे सिनेमाची नायिका, आपल्या खोलीच्या खिडकीतून खाली बघते, तर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये तो उभा, तोच पोरगा, आता मोठा झालेला. परत बघते तर नाही. आमच्याही दोरीवर दुसऱ्या मजल्याच्या काकूंच्या दोन चादरी आणि एक गाऊन होता, अगदी आमच्या पाठीशी. काकू उठल्या, काही न बोलता एकेक चिमटा काढला, चादरींच्या घड्या केल्या आणि मांडीवर घेऊन बसल्या. कोणी हसलं नाही. त्यानंतर चहाला कोणी उठलं नाही.

आजी पणतवासाठी स्वेटर विणत होत्या. शेवटाकडे लॉरी सोफ्यामागे लपते, हाताशी विणायची सुई येते आणि ती सुई ती त्याच्या मानेत खुपसते. त्या क्षणी आजींच्या बोटांत तशाच दोन सुया होत्या. त्यांनी त्या लोकरीच्या गुंड्यात खोचल्या आणि गुंडा पिशवीत टाकला. मग लॉरी कपाटात लपल्यावर सर्वांत आधी आजीच ओरडल्या, “हँगर! अगं, हँगर घे!” लॉरीने हँगर घेतला तेव्हा सगळ्या गच्चीने टाळ्या वाजवल्या. पण ती सुरी टाकून देते तेव्हा २१ जणांचा एकच ओरडा, “उचल ती!” आणि पाठीमागे तो आवाज न करता उठून बसतो. तेव्हा जी किंकाळी उठली ती ऐकून समोरच्या इमारतीच्या तीन खिडक्या उघडल्या.

पण मी लिहायला बसले ते यातल्या कशासाठी नाही. मैत्रिणींची प्रेतं बघून लॉरी रस्त्यावर पळत येते, शेजारच्या घराचं दार बडवते, मदत करा म्हणून ओरडते. आत दिवा लागतो. कोणीतरी पट्ट्यांच्या पडद्यातून बाहेर बघतं. आणि दिवा विझतो.

जेमतेम काही सेकंदांचा प्रसंग. रक्त नाही, सुरी नाही, संगीतही अंगावर येत नाही. घरात बघताना माझ्या तो लक्षातही राहिला नव्हता. काल दिवा विझला आणि गच्चीवर असा आवाज झाला की त्याला किंकाळी म्हणता येणार नाही. पोटात गुद्दा बसल्यावर येतो तसा. मग कोणीतरी म्हणालं, “आपल्याकडे उघडलं असतं.” आणि लगेच चौथ्या मजल्याची मुलगी म्हणाली, “कोणी?”

सिनेमा संपल्यावर त्यावरच बोलणं चाललं, साडेबारापर्यंत. तुम्हाला काय वाटतं?

कळवा_कारशेड · रविवार, रात्री ११:०५

ताई, वाचताना काटा आला. सुरी टाकण्यावरचा तो ओरडा जगभरचे प्रेक्षक जवळजवळ पन्नास वर्षं देत आलेत.

ज्यांना हा सिनेमा म्हणजे कुठलातरी स्वस्तातला मारधाडीचा प्रकार वाटतो त्यांच्यासाठी थोडं. स्वस्तातला तर होताच. बजेट सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास. लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिसचा हा पहिला सिनेमा, मानधन ८,००० डॉलर. मुखवटाधारी निक कॅसलला दिवसाला २५ डॉलर. मुखवटा म्हणजे दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा. डोळ्यांची भोकं मोठी केली, भुवया आणि कल्ले काढले, वर पांढरा रंग फवारला. माणसाचाच चेहरा, पण त्यावर काहीच उरलेलं नाही. म्हणून तो तसा वाटतो.

गोष्ट इलिनॉयमधल्या शरद ऋतूची आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियात, वसंतात. पानगळ दाखवायला पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की पोत्यांत भरून पुढच्या शॉटला पुन्हा तीच पसरली. सुरुवातीच्या प्रसंगात सुरी उचलणारा त्या पोराचा हात दिसतो, तो निर्माती आणि सहलेखिका डेब्रा हिलचा आहे. मुलींच्या तोंडचे बहुतेक संवादही तिनेच लिहिले.

एवढ्यात केलेल्या सिनेमाने अमेरिकेतच ४ कोटी ७० लाख डॉलर कमावले. २००६ साली तिथल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याची निवड झाली.

उपवन_फेरी · रविवार, रात्री ११:१८

स्पष्ट सांगतो, मला तो संथ वाटला. कॉलेजच्या ग्रुपमध्ये एकाने सांगितलं म्हणून बसमध्ये मोबाइलवर बघितला, दोन दिवसांत तुकड्यातुकड्याने. घाबरलो नाही. रक्तसुद्धा जवळपास नाहीच. पण ताईंचं वाचून वाटतंय की मी बहुतेक वेगळाच सिनेमा बघितला.

कळवा_कारशेड · रविवार, रात्री ११:३१

@उपवन_फेरी, मोबाइलवर यातली निम्मी भीती दिसतच नाही, अक्षरशः. कार्पेंटर रुंद चौकट वापरतो आणि माणूस एका कडेला उभा करतो. दुसरी कडा रिकामी. तुम्ही सारखे त्या रिकाम्या जागेकडे बघत राहता. लॉरी हुंदके देत भिंतीला टेकते तेव्हा तिच्या मागच्या अंधाऱ्या दारात पांढरा चेहरा हळूहळू उमटतो. छायालेखक डीन कंडीने तिथला उजेड अगदी सावकाश वाढवलाय, तो उडी मारून येत नाही. आधीपासून तिथेच होता, आपल्याला आत्ता दिसला. सहा इंचांच्या पडद्यावर, बसच्या उजेडात, तो काळा डागच राहतो.

वाशी_झपताल · सोमवार, सकाळी ७:४०

मी तबला शिकवतो, सिनेमातलं मला फार कळत नाही. पण या सिनेमाचं संगीत ऐकून मी विद्यार्थ्यांना एक धडा देतो, तो सांगावासा वाटतो.

पियानोची ती धून पाश्चात्त्य हिशेबात पाच-चारच्या तालात आहे. कार्पेंटरने ती स्वतः बांधली. पाचाचा हा ताल त्याला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. बारीक मोजली तर आवर्तनात दहा येतात. दहा म्हटलं की आपला हात झपतालाकडे जातो, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन-तीन-दोन-तीन. डुलत चालणारा ताल, मध्यावर श्वास घ्यायला जागा देणारा. या धुनेत दहाच आहेत, पण वजनं पडतात तीन-तीन-दोन-दोन. आधी दोन लांब पावलं, मग दोन आखूड. पाठलाग करणारा एकदम जवळ आल्यासारखं. टाळी देऊन बघा. सम येते ती नेहमी तुमच्या अंदाजाच्या थोडी आधी.

माझा एक विद्यार्थी आठ मिनिटं टाळी देत बसला आणि म्हणाला, “सर, बंद करा, पोटात कसंतरी होतंय.” तेव्हा सिनेमा त्याने बघितलेलाही नव्हता.

कळवा_कारशेड · सोमवार, सकाळी ८:१२

वा! हे तीन-तीन-दोन-दोन कधी लक्षातच आलं नव्हतं. कार्पेंटरने स्वतः लिहून ठेवलंय की संगीत आणि आवाज चढवायच्या आधी त्याने तयार सिनेमा एका बड्या स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला होता. त्या जराही घाबरल्या नाहीत. त्यानंतर त्याने ठरवलं की सिनेमा संगीताने वाचवायचा.

पामबीच · सोमवार, दुपारी १:५५

मासुंदाताई, लिहिलंय सुंदर. पण मला हा प्रकार आवडत नाही आणि का ते सांगते.

मी रोज रात्री साडेनऊला सानपाडा स्टेशनवरून चालत घरी येते. मागून पावलं वाजली की किल्ली मुठीत धरते, बोटांमधून टोक बाहेर काढून. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायका असंच काहीतरी करतात. सुरीवाल्याच्या डोळ्यांनी एका मुलीच्या खोलीत शिरायचं आणि त्याला करमणूक म्हणायचं, हे मला जमत नाही. वर ज्या मुली प्रियकराबरोबर असतात त्या मरतात आणि जी अभ्यास करते, बाळं सांभाळते ती वाचते. हे काय सांगणं झालं?

ढोकाळी_नाका · सोमवार, दुपारी २:१०

किल्लीच्या मुठीला +१. मीही तेच करते.

कळवा_कारशेड · सोमवार, दुपारी ३:००

पामबीच, तुमचा मुद्दा तेव्हाही जोरात निघाला होता. १९८० साली जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या समीक्षकांनी टीव्हीवर अख्खा कार्यक्रम याच तक्रारीवर केला की हे सिनेमे बायकांना भोसकणाऱ्याच्या बाजूने बघायला लावतात. पण ‘हॅलोवीन’ त्यांनी त्यातून वेगळा काढला, कारण इथे आपण लॉरीच्या बाजूने असतो. कार्पेंटरचंही म्हणणं असं की बाकीच्या मुली आपापल्या नादात असतात म्हणून त्यांना तो दिसत नाही. लॉरी एकटी आहे, म्हणून तिला दिसतो. शिक्षा वगैरे त्याच्या डोक्यात नव्हती. पुढे कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९९२च्या पुस्तकात दाखवलं की शेवटी उरणाऱ्या मुलीच्या जागी तरुण मुलगेसुद्धा स्वतःला ठेवतात. तिच्या भीतीने घाबरतात, तिच्या हाताने लढतात.

पामबीच · सोमवार, दुपारी ३:२५

मान्य, पण एक वाचली म्हणून तिघी मेल्या ते पुसलं जात नाही. प्रेतं सजवून दाखवायची आणि मग म्हणायचं आम्ही मुलीच्या बाजूने. मी माझं मत बदलणार नाही.

तरी तो दिव्याचा प्रसंग तुमच्या वर्णनावरून मी यूट्यूबवर शोधून बघितला. तो खरा आहे. तेवढाच मला खरा वाटला.

मासुंदाकाठ · सोमवार, दुपारी ४:०५

पामबीच, तुम्ही मत बदलू नका. चौथ्या मजल्याची ती मुलगी तुमच्यासारखंच बोलत होती. ती अर्ध्यात उठून कठड्याशी जाऊन उभी राहिली, लॉरीच्या मैत्रिणीला, ऍनीला, गाडीत मारतात तेव्हा. खाली गेली नाही, बघितलंही नाही. लॉरी पळायला लागली तेव्हा परत येऊन बसली.

पडद्यामागे · सोमवार, संध्या. ६:३०

मी हौशी नाटकांना रंगभूषा करतो. रक्ताचा विषय निघालाय म्हणून एवढंच. साखरेचा दाट पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घातलं की रंगमंचावर खरं दिसतं, कोको नसला तर सरबत वाटतं. ज्या प्रयोगात मी हे वाटीभर वापरलं त्यात लोक नाक मुरडायचे. ज्यात एकाच पांढऱ्या बाहीवर रुपयाएवढा डाग ठेवला, त्यात पहिल्या रांगेतली बाई खुर्चीत मागे सरकलेली मी विंगेतून बघितलीय. थोडकं रक्त बघणाऱ्याला मोजता येतं.

सीवूड्स_चौदावा · सोमवार, रात्री ९:४८

दिव्याबद्दल लिहायचं की नाही, दिवसभर विचार करत होते.

तीन वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता बाबा बाथरूममध्ये पडले. घरात आम्ही दोघंच. त्यांना मला उचलता येईना. इंटरकॉम लावला, खाली कोणी उचलला नाही. मी बाहेर आले आणि मजल्यावरच्या घंटा वाजवत सुटले. पहिल्या दारातून काहीच नाही. दुसऱ्या दाराच्या खाली उजेडाची फट होती. मी घंटा दाबली, दरवाजाच्या भोकात कोणाचा तरी डोळा आला, काच काळी झाली ते मला दिसलं. “काका, बाबा पडलेत” एवढं मी म्हणाले. मग भोक परत उजळलं. आणि खालची फट विझली.

शेवटचा फ्लॅट भाड्याने होता, तिथे शिकणारी चार मुलं राहायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रारअर्ज दिलेला, त्यावर बाबांची सहीसुद्धा होती. त्यातला एक उघडाच, हाफपँटवर धावत आला. दुसऱ्याने गाडीची किल्ली घेतली. तिसऱ्याने चादरीत बाबांना धरायला मदत केली. बाबा वाचले, आता हिंडतात-फिरतात.

मी आजही लिफ्टमध्ये त्या दुसऱ्या दारातल्या माणसांना नमस्कार करते. तेही करतात. पण ती विझलेली फट मला दर वेळी दिसते.

वाशी_झपताल · सोमवार, रात्री १०:०२

ताई, काय बोलावं कळत नाही. बाबा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं.

कळवा_कारशेड · सोमवार, रात्री १०:२०

सीवूड्सताई, सिनेमात अगदी असंच आहे, आणि ते मी आजवर नीट जोडलं नव्हतं. तो दिवा विझल्यावर लॉरी परत ती मुलं सांभाळत असलेल्या घराकडे पळते. किल्ली हरवलेली, दाराला कुलूप. ती कुंडी फेकून वरच्या खिडकीवर मारते, ओरडते. आणि दार उघडतो तो आतला छोटा टॉमी. झोपेतून उठून, रात्रीच्या कपड्यांत. अख्ख्या रस्त्यावर दार उघडणारं माणूस एकच, आणि ते लहान मूल.

मासुंदाकाठ · सोमवार, रात्री १०:३३

हो. आणि तो जिना इतका सावकाश उतरतो की परवा सगळे ओरडत होते, “उठ रे राजा, उघड, उघड!” काकूंच्या मांडीवरच्या चादरी तेव्हा खाली पडल्या, त्यांना कळलंही नाही.

ढोकाळी_नाका · मंगळवार, रात्री १२:१५

मी त्या दाराच्या आत होते.

सिनेमातल्या नाही, माझ्याच घराच्या. नवरा बाहेरगावी, मुलगी दोन वर्षांची. रात्री साडेअकराला दार बडवायला लागलं कोणीतरी. घंटा नाही, हाताने. आवाज पुरुषाचा, शब्द कळेनात. मी हॉलचा दिवा बंद केला, कारण दाराखालून आपली सावली दिसेल असं वाटलं. मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेले, कडी लावली आणि वॉचमनला फोन केला. तो येईपर्यंत दार वाजायचं थांबलं होतं.

सकाळी कळलं, वरच्या मजल्यावर आठवड्यापूर्वी राहायला आलेलं कुटुंब होतं. त्यांच्या मुलाला तापात झटके आले होते. त्या माणसाला एवढंच विचारायचं होतं की जवळचं हॉस्पिटल कोणतं. मराठी येत नव्हतं, घाबरून हिंदीही नीट निघत नव्हतं. मूल वाचलं, देवाची कृपा. मी डबा घेऊन वर गेले. त्यांच्या बायकोने डबा घेतला, आत बोलावलं नाही. मला ते बरोबरच वाटलं.

पण सीवूड्सताई, त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नसतं. मी आणि पामबीच दोघी मुठीत किल्ली धरून चालणाऱ्या. मग दार कसं उघडू?

सीवूड्स_चौदावा · मंगळवार, सकाळी ६:५०

ढोकाळी, तुमचं वाचून मी बराच वेळ बसून राहिले. तुमच्यावर राग नाही. त्या दुसऱ्या दारात त्या रात्री कोण होतं, तेही मला ठाऊक नाही. काकाच असतील असं मी धरून चालले होते. त्यांची सून एकटी असू शकेल. मी कधी विचारलं नाही.

तुम्ही वॉचमनला फोन केलात. ते उघडण्याच्या जवळ जातं.

उपवन_फेरी · मंगळवार, सकाळी ९:२५

काल रात्री खोलीतले दिवे घालवून टीव्हीवर पुन्हा बघितला, आईबरोबर, सलग. शेवटी सहा गोळ्या खाऊन तो गॅलरीतून पडतो, त्याच्या मागावर असलेला डॉक्टर खाली बघतो तर गवत रिकामं. मग ज्या ज्या खोल्या आपण बघितल्या त्या एकेक करून दिसतात, रिकाम्या, आणि श्वास ऐकू येत राहतो. आईने रिमोट घेतला आणि तो बंद करायच्या आधी स्वयंपाकघराचा दिवा लावून आली. संथ म्हणालो होतो ते मागे घेतो.

मासुंदाकाठ · मंगळवार, रात्री ८:४०

आज आजींना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांना फोनवर वाचता येत नाही, डोळ्यांना त्रास होतो. सीवूड्स आणि ढोकाळीचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. तबलेवाल्या सरांचं वाचताना मांडीवर बोटांनी तीन-तीन-दोन-दोन मोजून बघितलं.

शनिवारी सिनेमा संपल्यावर जिन्यात दिवा असूनही आधी कोण उतरणार यावर सगळे अडले होते. तेव्हा आजीच पुढे झाल्या. प्रत्येक मजल्यावर थांबत, ज्याचं त्याचं दार उघडून तो आत जाईपर्यंत उभ्या राहिल्या. मला तेव्हा वाटलं गुडघे दुखतायत म्हणून थांबतायत.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “त्या दिवेवाल्या घरातल्या माणसांचं सकाळी काय झालं गं? रस्त्यावर पोलीस आले असतील, प्रेतं निघाली असतील. ती माणसं दार उघडून बाहेर आली का?”

कळवा_कारशेड, तुम्ही इतक्या वेळा बघितलाय. कुठे आहे का ते?

कळवा_कारशेड · मंगळवार, रात्री ९:१०

नाही, ताई. आत्ता पुन्हा लावून बघितलं. ती रात्र हॅलोवीनची, पोरं दारं वाजवून घाबरवायचा खेळ खेळतात, तेव्हा आतल्यांना तसंच वाटलं असेल असं फार तर म्हणता येईल. पण सिनेमा त्या घराकडे परत जात नाही. आत कोण होतं तेही शेवटपर्यंत दिसत नाही. आजींना सांगा, नुसती बोटं दिसतात, पट्टी बाजूला करणारी.